सीएसएस लागतच नाही? आधी फाइल पोहोचली का ते बघा

“मॅडम, सीएसएस लागतच नाही.”

तालुक्याच्या गावी शनिवार-रविवार मी कॉलेजच्या मुलामुलींना वेब पान बनवायला शिकवते. त्याआधी बरीच वर्षं छापखान्यात डीटीपी केलं. वेब पानावरचा मजकूर एचटीएमएलमध्ये लिहायचा आणि त्याचे रंग, आकार, मांडणी सीएसएसच्या नियमांनी ठरवायची; हे नियम बहुधा ‘स्टाइलशीट’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. वर्गात वरचं वाक्य दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणतंच, आणि तोवर त्या मुलाने किंवा मुलीने अर्धा-पाऊण तास एकट्याने झटापट केलेली असते. लालचा निळा करून पाहिलेला असतो, ओळीओळीला ‘इंपॉर्टंट’ (त्या ओळीला बाकी नियमांच्या वर चढवणारा शब्द) लावलेलं असतं, कुठून तरी आख्खी नवी स्टाइलशीट उतरवून चिकटवलेली असते. आणि शेवटी दोष निघतो फाइलच्या नावात. कोड पहिल्यापासून बरोबरच होता. तो आता बदलून-बदलून बिघडलेला असतो, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

‘लागत नाही’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे दोष लपलेले असतात. फाइल ब्राउझरपर्यंत पोहोचलीच नाही, हा पहिला. फाइल पोहोचली, पण तो नियम ब्राउझरला कळला नाही म्हणून त्याने सोडून दिला, हा दुसरा. आणि नियम कळला, पण दुसऱ्या एखाद्या नियमापुढे हरला, हा तिसरा. याच क्रमाने तपासायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय कोडच्या एकाही अक्षराला हात लावायचा नाही, असा आमच्या वर्गाचा नियमच आहे.

टॅग (एचटीएमएलमधल्या खुणा) आणि प्रॉपर्टी (रंग, रुंदी यांसारखे सीएसएसचे गुणधर्म) यांची नावं मी बोलताना उच्चारते तशी इथे लिहितेय. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

ब्राउझर गप्प का बसतो, हे आधी समजून घ्या. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत चूक झाली की लाल अक्षरांत ओरड होते. सीएसएसमध्ये पानावर काहीच दिसत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. होकॉन व्हियुम ली यांनी 1994 च्या ऑक्टोबरमध्ये सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर 1996 मध्ये तिचं पहिलं अधिकृत मानक आलं. जे कळत नाही ते सोडून द्यायचं आणि पुढे जायचं, हे तेव्हापासूनचं धोरण. त्यामुळेच आज नव्याने आलेली प्रॉपर्टी वापरलेलं पान जुन्या फोनवरही उघडतं. तेवढी ओळ गळते, बाकी पान शाबूत राहतं. वेब इतकी वर्षं टिकून आहे त्यात या धोरणाचा मोठा वाटा आहे. फक्त शिकणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, कारण चूक कुठे झाली ते कुणी सांगतच नाही.

फाइल पोहोचली का?

चाचणी सोपी आहे. स्टाइलशीटच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, बॉडीला (म्हणजे आख्ख्या पानाला) ‘बॅकग्राउंड हॉटपिंक’ द्या आणि पुढे ‘इंपॉर्टंट’ लावा. चाचणीपुरतं ते चालतं. सेव्ह करा, पान पुन्हा उघडा. सगळं पान भडक गुलाबी झालं तर फाइल पोहोचतेय. ती ओळ काढून टाका आणि पुढच्या भागाकडे वळा. ओळ वरच टाकायची, खाली नाही. मध्येच एखादा महिरपी कंस उघडा राहिला असेल तर खालची ओळ त्यात अडकते आणि चाचणीच खोटी ठरते.

पान गुलाबी झालं नाही, तर पुढचं वाचा.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आत्याच्या पापड-लोणच्यांच्या घरगुती धंद्यासाठी दरपत्रकाचं पान बनवत होती. उडदाचे पापड, नाचणीचे पापड, कुरडया, सांडगी मिरची, असा तक्ता. एचटीएमएल स्वच्छ, लिंक टॅग (स्टाइलशीट पानाला जोडणारी ओळ) बरोबर, स्टाइलशीटमध्ये एकही चूक नाही, आणि पान मात्र पांढरं फटक. मी तिला फोल्डर उघडायला सांगितलं. तिथे ‘स्टाइल.सीएसएस’ असं नाव स्पष्ट दिसत होतं. मग विंडोजच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर टिक केली, आणि त्याच फाइलचं नाव आमच्या डोळ्यांदेखत ‘स्टाइल.सीएसएस.टीएक्सटी’ झालं. नोटपॅडने शेवटी आपलं शेपूट जोडलं होतं आणि विंडोजने ते लपवलं होतं. ती दोन दिवस त्या पानाशी झगडत होती. नाव बदललं, पान ताजं केलं, तक्त्याला हळदी रंगाची पट्टी आली. आत्याला फोन तिने तिथूनच लावला.

म्हणून नव्या संगणकावर सगळ्यात आधी ती टिक करून टाका. नोटपॅडमध्येच काम करत असाल तर ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना खालच्या खणात ‘ऑल फाइल्स’ निवडा.

याच पातळीवरचा दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे एकाच पानाच्या दोन प्रती. एक ‘डाउनलोड्स’मध्ये, एक डेस्कटॉपवर. बदल एकीत चाललेत आणि ब्राउझरमध्ये दुसरी उघडी आहे. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत फाइलचा पूर्ण पत्ता असतो. तो आणि एडिटरमधला पत्ता शब्द न् शब्द जुळतो का ते पाहा. आणि फाइल सेव्ह झाली आहे का? एडिटरच्या टॅबवर नावाशेजारी ठिपका असेल तर नाही.

आता लिंक टॅग. त्यात ‘रेल’ला ‘स्टाइलशीट’ ही किंमत हवीच. ती विसरली तर ब्राउझर फाइल मागवतच नाही. ‘एचरेफ’मधला पत्ता एचटीएमएल फाइल जिथे आहे तिथून मोजायचा. सुरुवातीला तिरकी रेघ टाकली तर पत्ता मुळापासून धरला जातो. सर्व्हरवर ते मूळ म्हणजे तुमची साइट, पण डबल क्लिक करून उघडलेल्या पानासाठी ते मूळ म्हणजे आख्खी डिस्क. त्यामुळे सर्व्हरवर चालणारं पान घरच्या संगणकावर उघडं पडतं. डिस्कचा पूर्ण पत्ता लिहिला असेल तर याच्या उलट होतं: तुमच्याकडे छान दिसतं आणि बाकी जगाकडे नाही.

“माझ्याकडे चालतं, होस्टिंगवर टाकलं की चालत नाही” ही तक्रार असेल तर लहान-मोठी अक्षरं बघा. विंडोज फाइलच्या नावात लहान आणि मोठ्या लिपीतल्या अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स करतो, आणि बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं आणि लिंक टॅगमध्ये लहान, एवढ्याने काम अडतं. नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा, मधे जागा सोडू नका, जोडरेघ वापरा. ही सवय पहिल्या दिवशी लागली तर हा दोष आयुष्यात परत भेटत नाही.

नजरेने सापडेना झालं की एफ-12 दाबा, ‘नेटवर्क’चा टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. स्टाइलशीटच्या नावाची ओळ दिसतेय का ते बघा. ओळ लाल आणि पुढे 404 (म्हणजे फाइल सापडली नाही) असेल तर पत्ता चुकला. ओळच नसेल तर लिंक टॅग चुकला. 200 (म्हणजे उत्तर मिळालं) असूनही काही लागत नसेल तर त्या ओळीवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स’ पाहा. काही सर्व्हर फाइल सापडली नाही की 404 ऐवजी मुखपृष्ठच पाठवून देतात. मग सीएसएसच्या नावाखाली एचटीएमएल येतं आणि ब्राउझर ते नाकारतो. तिथे पहिल्याच ओळीत ‘डॉकटाइप’ (एचटीएमएल फाइलची सुरुवात) दिसला की समजायचं.

कॅशेचं (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतीचं) प्रकरण सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बरेचदा त्याचा दोष नसतानाही त्याच्यावर ढकललं जातं. कंट्रोल-एफ-5 दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅशे’वर टिक करून ठेवा, मात्र ती खिडकी उघडी असेपर्यंतच तिचा उपयोग. दुसऱ्यांच्या फोनवर जुनंच दिसत असेल तर फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा आकडा वाढवा. ब्राउझर तिला नवी फाइल समजतो.

कॉपी-पेस्टमधून येणारे किडे

पहिल्या दोषाच्या आणि दुसऱ्या दोषाच्या सीमेवर एक प्रकार आहे. आपल्याकडे तो फार होतो, कारण कोड एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि वर्डच्या फाइलमधून दिला जातो. तिथे सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात. नजरेला ती जास्त देखणी दिसतात. ब्राउझरच्या लेखी मात्र ती अवतरणचिन्हं नसतातच, साधी अक्षरं असतात. लिंक टॅगमध्ये ‘रेल’भोवती वाकडी चिन्हं आली की त्याची किंमत ‘स्टाइलशीट’ राहत नाही, ‘वाकडं चिन्ह-स्टाइलशीट-वाकडं चिन्ह’ होते, आणि नेटवर्कमध्ये ओळही उमटत नाही. ‘एचरेफ’भोवती आली तर ओळ उमटते, पण फाइलच्या नावात टक्क्याच्या चिन्हांची माळ दिसते आणि 404. क्लासभोवती (टॅगला दिलेल्या गटाच्या नावाभोवती) आली तर तो क्लास कुठल्याच नियमाशी जुळत नाही. एडिटरमध्ये शोधा-बदला चालवून ही चिन्हं एकदम सरळ करून टाका. आणि यापुढे कोड पाठवायचा तर फाइल म्हणून पाठवा, मेसेज म्हणून नको.

दुसरा किडा खास आपला. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि अक्षराचा आकार 18 ऐवजी १८ असा देवनागरीत टाइप झाला. माणसाला दोन्ही सारखेच, सीएसएसला नाही. तिथे आकडा म्हणजे फक्त इंग्रजी अंक. देवनागरी अंक तो अक्षर समजतो आणि ती ओळ सोडून देतो. प्रॉपर्टीपुढे कोलनऐवजी विसर्ग पडला तरी तेच. मराठी टंकलेखनात ‘दिनांक’पुढे कोलनच्या जागी विसर्ग द्यायची सवय अनेकांना आहे, तीच इथे नडते. पडद्यावर दोन्ही दोन ठिपकेच दिसतात. पण कोलन प्रॉपर्टीचं नाव संपवतो आणि विसर्ग त्या नावालाच चिकटतो.

क्लासची नावं मराठीत ठेवली तर चालतात का? चालतात, देवनागरी नावांना सीएसएसमध्ये मनाई नाही. तरी मी ठेवू देत नाही, आणि त्याचं कारण एका पाककृतीच्या पानावर मिळालं. मुलाने कृतीच्या यादीला ‘पायऱ्या’ असा क्लास दिला होता. एचटीएमएल त्याने संगणकावर लिहिलं, सीएसएस फोनवर. दोन्हीकडे ‘पायऱ्या’च दिसत होतं आणि नियम लागत नव्हता. हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) एका सुट्या अक्षराने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा दोन भागांतही लिहिता येतो. काही कीबोर्ड तिसऱ्याच वाटेने जातात आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना एकच, ब्राउझरला वेगळे शब्द. नावं जुळवताना तो असे पर्याय एकरूप करून घेत नाही. आम्ही दोघांनी मिळून तासभर शोधलं तेव्हा हे हाती लागलं. मजकूर मराठीत हवाच, नावं मात्र रोमन लिपीत ठेवा.

नियम वाचला गेला का?

जो भाग बदलत नाही त्यावर उजवं क्लिक करा, ‘इन्स्पेक्ट’ निवडा. उजवीकडे ‘स्टाइल्स’च्या खणात त्या भागाला लागू झालेले सगळे नियम दिसतात. तुमची ओळ खोडलेली आणि तिच्याशेजारी पिवळा त्रिकोण असेल तर ती ब्राउझरला कळलेली नाही. नुसतीच खोडलेली असेल तर ती कळली पण हरली. आणि आख्खा नियमच दिसत नसेल तर सिलेक्टर (नियम कुणाला लागायचा ते सांगणारा भाग) जुळलेला नाही, किंवा वर कुठेतरी कंस मोडलेला आहे. हा एक खण वाचता येऊ लागला की निम्मं काम झालं.

पिवळ्या त्रिकोणामागे बहुधा अर्धविराम असतो. ‘कलर रेड’ लिहून पुढे अर्धविराम विसरला आणि खालच्या ओळीत अक्षराचा आकार दिला, तर ब्राउझरला ती दोन विधानं दिसत नाहीत. एकच लांबलचक विधान दिसतं, त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून तो ते पूर्ण टाकतो. रंगही जातो आणि आकारही. मुलं म्हणतात, “मॅडम, मी तर फक्त आकार टाकला, तर रंगच गेला.” बरोबरच आहे त्यांचं. जिथे बिघाड दिसतो त्याच्या वरच्या ओळीत बघायचं, हे मी फळ्यावर लिहून ठेवलंय.

दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी टीप (कॉमेंट) सीएसएसमध्ये चालत नाही. जावास्क्रिप्ट शिकलेली मुलं ती सर्रास टाकतात. ब्राउझर त्या रेघांपासून पुढच्या अर्धविरामापर्यंतचं सगळं एकच बिघडलेलं विधान धरतो, म्हणून टिपेसोबत तिच्याखालची धडधाकट ओळही जाते. टीप नेहमी तिरकी रेघ-तारा आणि तारा-तिरकी रेघ यांच्यामध्ये.

उघड्या राहिलेल्या महिरपी कंसाबद्दल जुन्या माहितीवर विसंबू नका. 2023 पासून प्रमुख ब्राउझरांत नियमाच्या आत नियम लिहिण्याची सोय आली. त्यामुळे एक कंस बंद करायचा राहिला की त्याखालचे नियम त्याच्या पोटात गेले असं ब्राउझर धरतो. म्हणजे ‘मेन्यू’चा कंस उघडा राहिला तर खालचा ‘तळटीप’चा नियम फक्त मेन्यूच्या आतल्या तळटिपेला लागतो, आणि तशी तळटीप पानावर असतच नाही. एका ठरावीक ओळीपासून खालचं सगळं मेलेलं दिसलं की त्या ओळीच्या लगेच वर पाहा.

छोट्या चुका भराभर सांगते. आकडा आणि ‘पीएक्स’ यांच्यात जागा नको. शून्य सोडून बाकी अंतरांना एकक हवंच. ‘कलर’ आणि ‘सेंटर’ यांची स्पेलिंगं अमेरिकन हवीत, शाळेत शिकलेली ब्रिटिश चालत नाहीत. एचटीएमएलमध्ये क्लासच्या नावाआधी टिंब नको, सीएसएसमध्ये हवं, आणि टिंबानंतर जागा नको. आयडी (एकाच भागाला दिलेलं खास नाव) किंवा क्लासचं नाव आकड्याने सुरू करू नका.

नियम हरला का?

खोडलेली ओळ, पण त्रिकोण नाही. इथेच मुलं ‘इंपॉर्टंट’चा मारा करतात, आणि इथेच थोडं थांबून हिशेब समजून घेतला तर पुढची कित्येक वर्षं सुखात जातात.

दोन नियम एकाच गोष्टीबद्दल बोलत असले की ब्राउझर त्यांचं वजन करतो. तीन घरं मांडा, एकक-दशक-शतकासारखी. शतकाच्या घरात सिलेक्टरमधल्या आयडींची संख्या, दशकाच्या घरात क्लासांची, एककाच्या घरात टॅगच्या नावांची. डावीकडून तुलना करायची. मात्र इथे हातचा घेत नाहीत. दहा क्लास झाले म्हणून त्यांचा एक आयडी होत नाही. दशकाच्या घरात दहाच राहतात आणि एका आयडीपुढे हरतात. तिन्ही घरं सारखी असतील तर जो नियम नंतर आला तो जिंकतो.

पापडवाल्या पानावर नंतर हेच झालं. तिने एक तयार साचा घेतला होता. त्यात मेन्यूतल्या लिंकला पांढरा रंग होता: ‘हेडर’ हा आयडी, त्यात ‘मेन्यू’ हा क्लास, त्यात ‘ए’ टॅग, म्हणजे एक-एक-एक. तिने खाली लिहिलं होतं: ‘मेन्यू’ क्लासमधला ‘ए’ टॅग लाल, म्हणजे शून्य-एक-एक. नियम नंतरचा होता तरी शतकाच्या घरात हरला. मी तिला वहीत दोन्ही नियमांची तीन-तीन घरं काढायला लावली. तिने स्वतःच तिच्या सिलेक्टरच्या सुरुवातीला ‘हेडर’ जोडला, बरोबरी झाली, आणि नंतर आल्यामुळे तिचा लाल जिंकला.

‘इंपॉर्टंट’ने तेच एका शब्दात झालं असतं, हे खरं. पण उद्या त्या लाल लिंकवर माउस नेल्यावर वेगळा रंग हवा झाला की तिथेही ‘इंपॉर्टंट’, मग मोबाईलसाठी आणखी एक. महिन्याभराने कुणाचाच नियम कुणाला जुमानत नाही. माझ्या वर्गात ते चाचणीपुरतंच वापरायचं.

“बॉडीला रंग दिला तरी लिंक निळीच राहते” ही तक्रार यातलीच. बॉडीचा रंग लिंकपर्यंत वारशाने येतो आणि वारसा सगळ्यात दुबळा असतो. लिंकवर थेट लिहिलेला कुठलाही नियम त्याला हरवतो, आणि ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमध्ये लिंक निळी असा नियम आधीच आहे. ‘ए’ टॅगला थेट रंग द्या. तयार फ्रेमवर्क (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार नियमांचा संच) वापरत असाल तर त्याची लिंक आधी, तुमची नंतर.

कधी ओळ खोडलेली नसते, त्रिकोणही नसतो, आणि तरी काही होत नाही. ‘स्पॅन’ला (ओळीतल्या मजकुराच्या तुकड्याला) रुंदी दिली आहे, किंवा ज्याला ‘पोझिशन’ नाही अशा साध्या डब्याला ‘झेड-इंडेक्स’ (कोण वर, कोण खाली ते ठरवणारा आकडा) दिला आहे. नियम जिंकला, पण त्या जागी त्याला कामच नाही. फायरफॉक्समध्ये 2019 पासून अशा ओळी फिक्या दिसतात आणि शेजारच्या खुणेवर माउस नेला की कारणही सांगितलं जातं. केवळ एवढ्यासाठी मी वर्गातल्या सगळ्या संगणकांवर फायरफॉक्स टाकून घेतला आहे.

मराठी मजकूर असेल तर

पानावर मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चित्रविचित्र चिन्हं पुन्हा पुन्हा दिसत असतील तर हा सीएसएसचा विषयच नाही. यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ब्राउझरने ते तीन बाइट सुटे वाचले की पहिल्याचा प्रत्येक वेळी तोच तिरक्या रेघेचा ए होतो. ‘मेटा कॅरसेट’ यूटीएफ-8 हवा, आणि मानकानुसार तो फाइलच्या पहिल्या 1024 बाइटांत हवा. एकाने फाइलच्या माथ्यावर मराठीत लांब टीप लिहिली होती. काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजतात, त्यामुळे साडेतीनशे चिन्हांतच हजार बाइट ओलांडले जातात. कॅरसेट हेडमध्ये सगळ्यात वर ठेवा, टीप त्याखाली.

जुन्या छापखान्याच्या फाइलमधला मजकूर चिकटवला आणि फॉन्ट बदलताच त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली, तर तो मजकूर मुळात मराठी नव्हताच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. मी स्वतः वर्षानुवर्षं तशी पानं जुळवली आहेत. सीएसएसमध्ये कितीही फॉन्ट बदला, ते सुधारत नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी एकदा वाचून घ्या. तिथे गळती होते.

फॉन्टबद्दल आणखी. यादीत फक्त इंग्रजीचा फॉन्ट दिला तर त्यात देवनागरी नसते आणि ब्राउझर यंत्रात जे असेल ते उचलतो: जुन्या विंडोजवर मंगल, नव्यावर निर्मला, अ‍ॅपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. मग पान प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं. देवनागरीचा वेबफॉन्ट नाव घेऊन द्या; मुंबईच्या एक टाइपचा मुक्त फॉन्ट ‘मुक्ता’ आमच्या वर्गात सर्रास वापरला जातो. एचटीएमएल टॅगवर ‘लँग’ला ‘एमआर’ लिहा. नोटोसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणाचे येतात. आपलं अक्षर आपल्या वळणाचं दिसावं यासाठी एवढा एक शब्द लिहायचा कंटाळा करू नका.

इंग्रजी साचे घेतले की शीर्षकांना ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा. ‘लँग’ लिहिलेलं असेल तर सीएसएसमध्ये भाषेवरून सिलेक्टर लावता येतो, आख्ख्या पानाचं काम एका नियमात होतं. ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) 1 असेल आणि डब्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर जाईल ते लपवा) असेल तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. मी मजकुराला 1.6 च्या खाली जात नाही.

फक्त मोबाईलवर लागत नाही

मोबाईलसाठी लिहिलेले नियम संगणकावर खिडकी लहान केली की लागतात आणि खऱ्या फोनवर लागत नाहीत, तर हेडमध्ये ‘व्ह्यूपोर्ट’चा मेटा टॅग नाही. तो नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण 980 पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आकसून दाखवतो, त्यामुळे ‘600 पेक्षा कमी रुंदी’ ही अट पूर्णच होत नाही. रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि सुरुवातीचं ‘स्केल’ 1, एवढी एक ओळ पुरते.

एवढं करूनही अडलात आणि कुणाची मदत मागायची असेल, तर पडद्याचा फोनने काढलेला फोटो पाठवू नका. एचटीएमएल आणि सीएसएस अशा दोन्ही फायली एका फोल्डरमध्ये घालून झिप करून पाठवा, आणि सोबत तीन गोष्टी लिहा: गुलाबी चाचणीत काय झालं, ‘स्टाइल्स’च्या खणात तुमची ओळ खोडलेली आहे की त्रिकोण आहे की दिसतच नाही, आणि पान डबल क्लिकने उघडलंय की सर्व्हरवरून.